त्यात स्टोरी कुठे होती?

"छान होता, पण त्यात स्टोरी काही नव्हती." मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या हॉलमध्ये पांढरी चादर बांधून, सोसायटीतली नऊ पोरं जमवून मी त्यांना 'स्पिरिटेड अवे' हा जपानी ॲनिमेशनपट दाखवला. त्या रात्री ग्रुपवर एका बाबांचा हा अभिप्राय आला आणि पाठोपाठ दोन अंगठेही उमटले. मुलाला सोडायला म्हणून आलेले हे गृहस्थ शेवटपर्यंत बसले होते, आणि मधे दोनदा मोठ्यांदा हसलेही होते, हे इथे नोंदवून ठेवते. त्यांच्या मुलाची तक्रार मात्र बापापेक्षा नेमकी होती. दोन तास पाच मिनिटांच्या सिनेमात दीड तास उलटल्यावर तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काकू, व्हिलनला मारणार कधी?"

बापलेक दोघंही एकच गोष्ट सांगत होते. शेवटी ज्याला हरवायचं असा कुणी तरी असतो, त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता म्हणजे स्टोरी. तो कुणी तरी नसेल तर मग उरतात ती नुसती चित्रं. मला वाटतं, मुलांच्या सिनेमाबद्दलची आपली ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय ती आपली नाहीच. ती बाहेरून आली आणि इतकी मुरली की आता आजीच्या गोष्टीइतकी जुनी वाटते.

आधी सिनेमाबद्दल थोडं. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी स्टुडिओ जिब्लीसाठी केलेला हा चित्रपट २० जुलै २००१ रोजी जपानमध्ये लागला. २००२ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला गोल्डन बेअर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २००३ मध्ये ऑस्कर. जपानमध्ये त्याने तीस अब्ज येनच्या वर गल्ला जमवला आणि तो विक्रम २०२० पर्यंत कुणाला मोडता आला नाही. 'स्टोरी नसलेल्या' सिनेमाला एवढी माणसं का गेली, हा प्रश्न निदान विचारून पाहण्यासारखा आहे.

जपानी नावात 'कामिकाकुशी' असा शब्द आहे. माणूस अचानक नाहीसा होतो, देवांनी त्याला लपवलं असं गाव म्हणतं. आपल्याकडे चकवा लागतो, त्याच्या जवळची ही कल्पना. दहा वर्षांची चिहिरो आईबाबांबरोबर नव्या घरी चाललेली असते. बाबा गाडी भलत्याच रस्त्याला घालतात, एका बोगद्यापलीकडे ओसाड बाजार लागतो, तिथे मांडलेल्या जेवणावर आईबाप ताव मारतात आणि बघता बघता डुकरं होतात. रात्र पडते. तो बाजार देवांचा निघतो. जपानचे देव ऐंशी लाख, आपल्या तेहतीस कोटींपुढे किरकोळच, पण तेही दमतात आणि अंघोळीला एका भल्यामोठ्या स्नानगृहात येतात. त्या स्नानगृहाची मालकीण युबाबा, जादूगारीण. तिथला कायदा एकच, काम कर नाही तर जनावर हो. चिहिरो काम मागते. इथून पुढचा सिनेमा म्हणजे एका मुलीची पहिली नोकरी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आता ती समजूत जिथून आली त्या साच्याकडे येते. अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये जगभरच्या पुराणकथांमधून नायकाच्या प्रवासाचा एक नकाशा काढला. बोलावणं येतं, नायक आधी नको म्हणतो, गुरू भेटतो, उंबरठा ओलांडतो, परीक्षा होतात, महासंकट येतं, फळ हाती लागतं, परत येतो. १९८५ मध्ये ख्रिस्तोफर व्होगलर नावाच्या, डिस्नेत पटकथा वाचण्याचं काम करणाऱ्या माणसाने त्याचं सात पानी टिपण केलं. हॉलिवूडमध्ये त्याच्या झेरॉक्स फिरल्या. त्या टिपणातून टप्पे आले तशी पात्रंही आली: नायक, गुरू, दारावरचा राखणदार, रूप बदलणारा, विदूषक, आणि सावली, म्हणजे खलनायक. कॅम्पबेलने पुराणं वाचून काढलेलं निरीक्षण असं पाककृती झालं. आज कुठल्याही पटकथा शिबिरात बसा, दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाआधी हा तक्ता फळ्यावर असतो.

हा तक्ता चिहिरोला लावता येतो का? येतो की. बोगदा हा उंबरठा, बॉयलर सांभाळणारा सहा हातांचा कामाजी हा गुरू, ड्रॅगन होणारा हाकू हा रूप बदलणारा. सगळं बसतं. पण हा साचा इतका सैल आहे की त्यात दिवाळीची खरेदीसुद्धा बसते. तुळशीबागेचं बोलावणं, नवऱ्याचा नकार, गर्दीचा उंबरठा, पार्किंगचं महासंकट. गोष्ट झाल्यावर तिच्यावर तक्ता ठेवणं निरुपद्रवी आहे. तक्ता आधी ठेवून त्यावर गोष्ट घडवायला घेतली की भानगड होते. मग गुरू हवाच म्हणून गुरू येतो, तो मरायलाच हवा म्हणून मरतो, आणि सावली हवीच म्हणून काळ्या झग्यातलं कुणी तरी किल्ल्यावर उभं राहतं.

मियाझाकी संपूर्ण पटकथा हातात घेऊन सिनेमा सुरू करत नाहीत. ते चित्रांकित आराखडा काढत जातात आणि तो पुरा व्हायच्या आतच ॲनिमेशनचं काम सुरू झालेलं असतं. या चित्रपटाबद्दल त्यांचे निर्माते तोशिओ सुझुकी एक गंमत सांगतात. मूळ बेत असा होता की चिहिरो युबाबाला हरवते, मग कळतं की तिच्या मागे तिची जुळी बहीण झेनिबा ही आणखी मोठी शक्ती आहे, मग हाकूच्या मदतीने तिलाही हरवायचं. म्हणजे आपल्या ग्रुपवरच्या बाबांना हवी होती तशीच स्टोरी, तीही दुहेरी. पण असा सिनेमा तीन तासांचा होईल असं लक्षात आलं. तेव्हा मियाझाकींनी सुरुवातीला पुलावर नुसता उभा राहिलेला एक मुखवटेवाला उचलला आणि पुढची गोष्ट त्याच्याभोवती वळवली. तो काओनाशी, म्हणजे बिनचेहऱ्याचा. थोडक्यात, व्हिलनला मारण्याचा प्रसंग काही थोर तत्त्वज्ञानामुळे गेला नाही. वेळ पुरेना म्हणून गेला. मला हे फार आवडतं. लढाई काढून टाकल्यावर गोष्ट कोसळायला हवी होती, आणि ती उलट उभी राहिली.

उभी कशावर राहिली? त्या सायकलवर, असं मी म्हणेन.

प्रसंग असा. पावसाळी रात्री स्नानगृहाच्या दारात चिखलाचा एक चालता डोंगर येतो. वास असा की कुणाच्या हातातला भात नासतो. असलं गिऱ्हाईक नको असतं, पण परत पाठवता येत नाही, म्हणून युबाबा त्याला नव्या पोरीच्या गळ्यात मारते. ती मुलगी छातीपर्यंत घाणीत उतरते, औषधी पाण्याची दोरी ओढते, घसरते, आणि चाचपडताना तिच्या हाताला काही तरी टोचतं. ती ओरडून सांगते की इथे काट्यासारखं काही रुतलंय. वर माडीवर उभी असलेली युबाबा क्षणात ओळखते की हा घाणीचा देव नव्हे. ती दोर फेकते, स्नानगृहातल्या सगळ्या बेडूक-नोकरांना, बायाबापड्यांना कामाला लावते आणि स्वतः पंखे नाचवत ओढा ओढा म्हणून ओरडते. दोर जिथे बांधला तिथून आधी हँडल दिसतं. मग चाक. मग अख्खी सायकल बाहेर येते, आणि तिच्यामागून नदीत माणसांनी टाकलेलं सगळं भंगार धबाधबा कोसळतं. चिखल विरतो. आत एक म्हातारा नदीदेव असतो. तो समाधानाचा एक उद्गार काढतो, मुलीच्या हातात कडू औषधाचा एक गोळा ठेवतो आणि पांढरा ड्रॅगन होऊन हसत निघून जातो. मियाझाकींनी स्वतः एकदा नदी साफ करताना अशी सायकल ओढून काढली होती, तिथून हे आलं.

ज्या मुलाला व्हिलन हवा होता तो या वेळी चादरीच्या इतका जवळ सरकला होता की त्याची सावली पडत होती. मागून सगळे ओरडले.

मला इथे युबाबा दाखवायची आहे. साच्याप्रमाणे ती खलनायिका. पण ती काय करते पाहा. तिला धंदा कळतो, ती संकटात पुढे उभी राहते, काम चोख झाल्यावर सगळ्यांसमोर पोरीला मिठी मारते आणि लगेच खाली पडलेलं सोनं जप्त करते. तिचं अवाढव्य बाळ तिच्या डोक्यावर बसलेलं आहे. ती लबाड आहे, लोभी आहे, करारात माणसाचं नाव खाऊन टाकते, पण दिलेला शब्द तिला मोडता येत नाही. ही सैतान नाही, ही मालकीण आहे. अशी माणसं आपण पाहिली आहेत, काहींच्या हाताखाली कामही केलं आहे. सिनेमाच्या शेवटीही ती सुधारत नाही आणि मरतही नाही. स्नानगृह उद्याही चालू राहणार, उद्याही ती हिशेबाला बसणार. चिहिरो जाताना तिला वाकून नमस्कार करते आणि आजी म्हणते. दहा वर्षांच्या मुलीला कळतं की ही बाई वाईट वागली, आणि तिने मला कामही दिलं.

बाकीची पात्रंही अशीच साच्यात बसता बसता निसटतात. लिन ही बरोबरची कामकरी मुलगी आधी खेकसते, मग स्वतःचं खाणं वाटून देते. काओनाशी सोनं वाटत सुटतो तेव्हा सगळे त्याच्यापुढे लोटांगण घालतात, तो फुगत जातो, माणसं गिळतो. राक्षस झाला म्हणावं, तर चिहिरो त्याला देवाने दिलेलं ते कडू औषध चारते, तो गिळलेलं सगळं ओकतो आणि पुढे शहाण्यासारखा आगगाडीत तिच्या शेजारी बसतो. शेवटी तो झेनिबाकडे सूत कातायला राहतो. एकाकी माणसाला लोभी लोकांच्या घरात ठेवलं की तो राक्षस होतो, म्हातारीच्या झोपडीत काम दिलं की माणसात येतो. एवढं मोठं समाजशास्त्र एका मुखवट्याने सांगितलं. स्वतःच्या आवाजात तो 'अ... अ...' पलीकडे फारसं काही बोलत नाही.

मग या गोष्टीत ताण कशाचा आहे? विसरण्याचा. नोकरीच्या करारावर मुलीने लिहिलेल्या नावातली अक्षरं युबाबा मुठीत ओढून घेते आणि एकच ठेवते, 'सेन'. चिहिरो या नावाचा अर्थ साधारण 'हजार वाव'. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं ते माप, विहिरीची खोली आपल्याकडेही वावातच सांगत. सेन म्हणजे नुसतं हजार. खोली गेली, आकडा राहिला. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये इतकं आपलं आहे, पण सबटायटलमध्ये ते दिसत नाही, म्हणून मी मुलांना थांबवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हाकू तिला तिचे कपडे परत देतो. त्यात जुन्या वर्गमैत्रिणींनी दिलेलं निरोपाचं कार्ड असतं आणि त्यावर तिचं नाव. ती वाचते आणि दचकते, कारण एका रात्रीत ती ते विसरत चालली होती. मग हाकूने दिलेला भाताचा गोळा खाताना तिच्या डोळ्यांतून बोरांएवढी टिपं गळतात. संपूर्ण सिनेमात तलवारीचा एक वार नाही, आणि हा क्षण मला कुठल्याही लढाईपेक्षा भीतीचा वाटतो.

विसरणं, त्यामुळे अवदसा येणं, आठवणं, आणि घडी पुन्हा बसणं. असं कथानक आपण कुठे ऐकलं आहे? चातुर्मासाच्या कहाण्यांत. आटपाट नगर होतं, तिथे कुणी वसा घेतो, उततो, माततो, वसा टाकतो, दरिद्री होतो, आठवण होते, पुन्हा धरतो. व्हिलन कोण? कुणीच नाही. किंवा आपलाच विसराळूपणा. बॉयलरच्या खोलीत काजळीचा एक इवलासा जिवंत गोळा कोळशाच्या ओझ्याखाली चिरडतो, चिहिरो तो कोळसा उचलते आणि आता कुठे ठेवू म्हणून बघत राहते. कामाजी तिला दटावतो की हात घातलास ना, मग शेवटाला ने. मी टुणकन उठले. घेतला वसा टाकू नये, ते हेच की!

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते, लोक भीतीने घरचं सगळं दूध आणून ओततात, वासरांना नाही, पोरांना नाही. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने आधी घरच्या मुलाबाळांना पाजलेलं असतं, गाईवासरांचं पाहिलेलं असतं, मग उरलेलं खुलभर दूध ती वाहते आणि गाभारा भरून येतो. राजा दुष्ट नव्हता, भक्त होता. त्याची शिक्षा होत नाही, त्याला म्हातारीचं ऐकावं लागतं, एवढंच. गावभरचं दूध विरुद्ध खुलभर दूध, काओनाशीचं ओंजळभर सोनं विरुद्ध एका मुलीचं 'नको'. या कथानकाला साचा म्हणायचाच तर म्हणा, पण तो किल्ल्यावरच्या लढाईचा नव्हे. (कहाण्यांतलं सगळंच उचलण्यासारखं आहे असं मात्र नाही. आवडती-नावडती, देवाचा चटकन येणारा कोप, बाईनेच सगळे वसे सांभाळायचे, हे मी माझ्या मुलीला तसंच्या तसं सांगत नाही.)

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. मुलांच्या पोटात भीती असते, तिला एक चेहरा द्यावा लागतो. रावण जाळताना मूल टाळ्या वाजवतं तेव्हा त्याच्यातलं काही तरी मोकळं होतं. शिवाय जगात खरोखर दुष्ट माणसं आहेत, त्यांना ओळखायला शिकवायला नको का? हवं. रामायणातून रावण काढा असं कोण म्हणेल? पण आपल्या लोकपरंपरेतला राक्षसही कसा असतो ते बघा. कोकणात दशावताराच्या पूर्वरंगात संकासुर येतो. वेद चोरणारा दैत्य, विष्णूच्या हातून मरणारा. आणि तोच मालवणीत टोले हाणत प्रेक्षकांना सगळ्यात जास्त हसवतो. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्या मागेही लागतात. तो मेल्यावर वेद सुटले याचा आनंद होतो, आणि संकासुर गेला याची हुरहूरही लागते. लाडू खाऊन दर अर्ध्या तासाला एकाला लोळवणाऱ्या टीव्हीवरच्या पैलवान पोराकडे ही हुरहूर नाही. माझी तक्रार राक्षसाबद्दल नाही, रोजच्या आहाराबद्दल आहे.

उलट टोकाचीही एक पळवाट हल्ली निघाली आहे, तीही मला पटत नाही. अलीकडच्या बऱ्याच हॉलिवूडी ॲनिमेशनपटांत व्हिलन नसतो, पण त्याच्या जागी एक जखम असते. शेवटी कळतं की ज्याला आपण दुष्ट समजलो तो बिचारा दुखावलेला होता, मग मिठी, मग गाणं. हासुद्धा साचाच, फक्त तलवारीच्या जागी समुपदेशन. युबाबाचं बालपण कसं गेलं हे मियाझाकी आपल्याला सांगत नाहीत. तिच्या लोभाला कारण लागत नाही. आपल्या लोभाला तरी कुठे लागतं?

आणि इथे हा प्रश्न करमणुकीच्या बाहेर जातो. हाकू हा खरं तर कोहाकू नावाच्या एका लहान नदीचा देव. घरी परतायचा रस्ता तो विसरला आहे, कारण परतायला नदीच उरलेली नाही. ती बुजवून तिच्यावर अपार्टमेंट बांधली. चिहिरो लहानपणी त्याच नदीत पडली होती, तेव्हा त्या नदीनेच तिला काठावर आणून सोडलं होतं. हे सांगताना सिनेमा आवाज चढवत नाही. ती नदी कुणी मारली? बिल्डरने? नगर कार्यालयाने? की तिथे फ्लॅट घेणाऱ्या, चिहिरोच्या आईबाबांसारख्या साध्या कुटुंबांनी? किल्ल्यावर काळ्या झग्यात कुणीच उभं नाही.

पुण्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट दूरची वाटू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहून गेल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे एकच शोधत होतो, व्हिलन कोण. रोज नवा सापडत होता. ओढ्याचं पात्र अरुंद होत जाताना आपण काय करत होतो, कुठला राडारोडा कुठे टाकत होतो, पार्किंगसाठी काय बुजवलं, हे विचारायला लागणारी गोष्ट आम्हाला लहानपणी कुणी सांगितली नव्हती. सांगितली होती खरं तर, दर श्रावणात, पण ती आम्ही म्हाताऱ्यांची म्हणून टाकून दिली. जो मुलगा रोज 'याला मारा म्हणजे संपलं' एवढंच बघतो, तो मोठा होऊन मतदार होतो, सोसायटीचा सेक्रेटरी होतो, ग्रुपवर लिहायला लागतो. त्याला प्रत्येक गोष्टीत मारण्यासाठी कुणी तरी लागतं. कचरा, पाणी, वाहतूक, शाळा यांतलं काहीच तसं चालत नाही. तिथे दोर बांधून ओढावं लागतं, आणि काय बाहेर येईल ते आधी माहीत नसतं.

मराठीत असा एखादा ॲनिमेशनपट करायचं कुणाच्या मनात असेल, तर त्याने फळ्यावरचा तक्ता जरूर बघावा. पण त्याआधी कहाण्यांचं ते पातळ, वाईट छपाईचं पुस्तक एकदा वाचावं. त्यातल्या म्हातारीला कॅमेऱ्यासमोर फक्त चालू द्यावं, हातात खुलभर दूध घेऊन. गर्दीतून गाभाऱ्यापर्यंत.

सिनेमा संपल्यावर पोरं चप्पल शोधत होती. व्हिलनवाला मुलगा माझ्याशी थोडा नाराजच होता. चौथीतली एक मुलगी, जी पूर्ण वेळ एक शब्द बोलली नव्हती, दारात थांबली. आमच्या इमारतीच्या मागून एक ओढा जातो, नकाशावर निळी रेघ आणि खाली सिमेंटची नळी. जिन्याच्या खिडकीतून तो दिसतो. ती तिकडे बघत म्हणाली, "काकू, पण ती सायकल कुणाची होती?"

मी म्हटलं, माहीत नाही गं. ती दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वर आली. "त्याला घरी ओरडले असतील का?"